डाव्या फाट्यातले खांब

गिरजाबाई गेल्याचं मला ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर कळलं. त्यांचा पुतण्या समोरून आला, डोक्याचे केस काढलेले. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मोठीमाय गेली, भाऊ." मी तिथल्या बाकावर बसलो आणि माझी बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. खरं सांगायचं तर मनात पहिलं हेच आलं की, आता मला प्रश्न कोण विचारणार? त्या भेटल्या की रामराम व्हायच्या आधी प्रश्न यायचा. रेडिओतला माणूस खोकतो तेव्हा काय करतो, पासून ते आमदार घरी कोणाला भितो, इथपर्यंत... आणि "माहीत नाही" म्हणून सुटका नसे. "मंग इचारून या," म्हणत.

आमची ओळख पन्नासच्या दशकातली. माजरीच्या बाजूला एका खासगी मालकाच्या कोळसा खाणीत मी बत्तीघरात कामाला होतो. खाली उतरणाऱ्याला दिवा द्यायचा, वर आल्यावर परत घ्यायचा. गिरजाबाई वर, उघड्यावर, कोळशातले दगड निवडायच्या. त्यांचे यजमान दादाजी खाली खांब लावायचे, म्हणजे कोळसा काढून पोकळ झालेल्या वाटांच्या छताला लाकडाचे टेकू द्यायचे. बायकांनी खाली उतरायला कायद्याची मनाई. त्यामुळे पायाखाली काय चाललंय हे जाणून घ्यायचं गिरजाबाईंना वेडच होतं. पाळी सुटली की माझ्या खिडकीशी उभ्या राहायच्या आणि दिवा परत करणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, छत कसं आहे, पाणी कुठं झिरपतंय, हवा येते का. माणसं वैतागायची, पण सांगायची. दादाजी मात्र मान खाली घालून घरची वाट धरायचे, कारण त्यांना तेच प्रश्न घरी पुन्हा व्हायचे होते.

युनियन आली तेव्हा आम्ही सगळे मेंबर झालो. पहिल्याच सभेत गिरजाबाई उठल्या. "मेंबर झालो, झेंड्याखाली उभं बी राह्यलो. आता मेंबराचं काम कोनतं, थे सांगा." सेक्रेटरी एकजुटीबद्दल बराच वेळ बोलले. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "थे समजलं. पन काम कोनतं?" सभा हसली आणि सेक्रेटरींनी त्यांना कमिटीतच घेऊन टाकलं, बहुधा तोंड बंद व्हावं म्हणून. झालं उलटंच. त्या दिवसांत खाणीत खांबाचं लाकूड येणं थांबलं होतं. जुन्या, किडक्या टेकूंवर माणसं काम करत होती आणि त्यांत सगळ्यात पुढे दादाजी. युनियननं सरकारी खाण निरीक्षकाकडे तक्रार केली. गिरजाबाईंनी विचारलं, "साहेब मॅनेजरसंगं फिरन, तं मॅनेजर दाखवन थेच पाह्यन ना?" या एका प्रश्नावर भांडून भांडून युनियननं मान्य करून घेतलं की, तपासणीत कामगारांचा एक माणूस बरोबर चालेल आणि त्यानं बोट दाखवलेली जागा साहेब पाहील. माणूस ठरला दादाजी. खांबांविषयी बोलायचं तर खांबवालाच हवा, यावर दुमत नव्हतं.

साहेब आले, मॅनेजर आणि दादाजींबरोबर उतरले, तासाभरानं वर आले. टोपी काढत म्हणाले, "खांब तर भरपूर आहेत. तुमची तक्रार खोटी दिसते." मॅनेजर नुसते हसले. दादाजी मागं उभे, चेहरा असा खुललेला की जणू मुलीचं लग्न पार पडलं. गिरजाबाई सरळ त्यांच्यापुढं गेल्या.

"लाकूड तं आलं नाई. खांब कुठून आनले तुमी?"

दादाजी हाताची माती झटकू लागले.

"मी इचारून राह्यली."

"डाव्या फाट्यातून काढले," दादाजी पुटपुटले. "उद्या परत लावतो ना. पाहुना येऊन राह्यला होता, मंग वाट अशीच ठेवाची काय? माह्या हातचं काम पाह्यते म्हनलं साहेब..."

आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की अंगण सारवतात, शेजारची खाट मागून आणतात, फाटकी सतरंजी आत सारतात. या भल्या माणसानं खाण सारवली होती! साहेबांच्या वाटेवर खांबांच्या रांगा उभ्या केल्या आणि डावा फाटा, म्हणजे खाणीतली डावीकडे फुटणारी वाट, उघडा टाकला, जिथं दुसऱ्या दिवशी त्यांचीच टोळी जायची होती. गिरजाबाईंचा आवाज तेव्हा चढला नाही. त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, आमच्या मानसाचं बोट दाखवाचं राहून गेलं. परत उतरता काय?" मॅनेजर म्हणाले, पाळी संपली, दिवे जमा झाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन दिवे काढून खिडकीत ठेवले. नोकरी माझीही होती. दादाजी पुढं आणि साहेब मागं असे दोघं पुन्हा उतरले. वर आल्यावर साहेबांनी डावा फाटा तिथल्या तिथं बंद करायला लावला.

पुढं लाकूड आलं, पण फाट्याच्या तोंडावर भिंत चढली ती कायमची. आत सोपा कोळसा होता, त्यामुळे टोळी नाराज झाली. कित्येक दिवस त्या नवराबायकोशी कोणी धड बोलेना. छत पडलं की उभं राहिलं, हे कोणालाच कळलं नाही. दादाजी मात्र म्हातारपणापर्यंत सांगत, "थे छत आज बी जसंच्या तसं उभं असन. हिनं चार लोकांत माही लाज काढली!" गिरजाबाई हसायच्या आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढायच्या. मला नवल वाटे, एवढी तोंडाळ बाई इथं उलट का बोलत नाही?

तेरवीला गेलो तेव्हा दादाजी मागच्या पडवीत एकटेच होते. दोरीवर गिरजाबाईंचं हिरवं लुगडं तसंच. जेवणं उरकली, माणसं पांगली. मला राहवलं नाही. म्हटलं, "दादाजीभाऊ, आता तरी खरं सांगा. ते छत पडलं असतं का हो?"

त्यांनी लुगड्याचा लोंबता पदर दोरीवर नीट केला.

"पयला खांब काढला ना, तवाच वरून कडकड झाली. खांद्यावर माती पडली. मले समजलं होतं, भाऊ. तरी बी बाकीचे काढले... साहेबाच्या वाटंले कमी पडत होते."

"बाईंना सांगितलं होतं कधी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले होते.

"साऱ्या दुनियेले इचारे ती. जिंदगीभर इचारत राह्यली. हे एकच मले कधी इचारलं नाई."