तलवारीचं माझं वर्ष

आमच्या घरातली तलवार पणजोबांची, पण लहानपणापासून ती दादाचीच होती. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाबा ती कपाटावरून काढायचे, चिंचेने मूठ घासायचे, पात्याला तेल लावायचे आणि पूजा झाली की क्षणभर दादाच्या हातात द्यायचे. मी शेजारी हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी. ‘मला पण’ म्हटलं की आई म्हणायची, “तुझ्या हातात तबकच शोभतं.” ते तबक दादाच्या डोक्यात घालावं, असं मला दरवर्षी वाटायचं.

पुढे आई गेली आणि बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. दादाचं घर पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्या खराडीच्या इमारतीला लिफ्ट आहे. त्यामुळे बाबा माझ्याकडे आले आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिले. तलवार मात्र दादाच्या कपाटावर राहिली. जाण्याआधी बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, तलवारीची पूजा वर्षाआड वाटून घ्या, एकदा त्याच्या घरी, एकदा हिच्या. दादा “बरं” म्हणाला. पहिलं वर्ष कोणाचं, हा प्रश्नच आला नाही. ते त्याचं झालं.

यंदा माझं होतं. देवघराशेजारची जागा मी नवरात्राआधीच रिकामी केली, लाल खणाचं कापड आणलं, आणि योगाच्या चटईची लांब पिशवी खांद्याला अडकवून रिक्षाने पेठेत गेले. धापा टाकत तिसरा मजला चढले. दादाने दार उघडून पिशवीकडे बघितलं.

“योगासनं करायला आलीस?”

“तलवार न्यायला आले.”

त्याने वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. सणाच्या दिवसांत शहरात तलवारी, कोयते, सुरे असलं काहीही घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी आहे, असा पोलिसांचा आदेश छापून आला होता.

“अरे, पण ही पूजेची आहे.”

“‘धाकट्या बहिणी वगळून’ असं त्यात कुठे दिसलं तर सांग मला.”

स्वयंपाकघरात वहिनी हसल्याचं ऐकू आलं. मला कायद्याचा राग आला नाही, दादाचा आला. आख्ख्या शहराचा बंदोबस्त याच्या कपाटापायी लावल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. लहानपणी आई त्याच्या बाजूने होती, आता पोलीस खातंही त्याच्या बाजूने. कपाटावर जुन्या धोतरात गुंडाळलेली मूठ दिसत होती. तिच्यावरून माझी नजर हलेना. रिकामी पिशवी घेऊन मी जिना उतरले.

पण मी गप्प बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून, तीच लांब पिशवी खांद्याला अडकवून पोलीस चौकीत गेले आणि तिथल्या हवालदारांना विचारलं, की घरातली जुनी तलवार पूजेसाठी भावाकडून माझ्याकडे न्यायची असेल तर काय करावं लागेल.

त्यांनी पहिल्यांदा माझ्या पिशवीकडे बघितलं. “मॅडम, आत्ता बरोबर आणली नाहीत ना?”

“नाही.”

“मग बसा.”

त्यांनी समजावून सांगितलं. अर्ज करा, वर पाठवू, पण दसऱ्याच्या आत उत्तर येईल असं सांगत नाही. तेवढ्यात शेजारच्या खोलीत तीन पोरं ओळीत उभी राहून, मोबाइलसमोर हात जोडून, पुन्हा असं करणार नाही म्हणून माफी मागत होती. त्यांनी चौकात तलवारीने वाढदिवसाचा केक कापला होता आणि वर त्याचं रील टाकलं होतं. “बघा,” हवालदार म्हणाले, “यांचीही कोणाच्या तरी आजोबांचीच होती. तुम्ही असं करा, तलवार राहू द्या भावाकडे. तुम्हीच जा पूजेला.”

म्हणजे पुन्हा तबक.

तरी गेले. न जावं तर दादा एकटाच पूजा करणार, तेही मला बघवणार नव्हतं. पाटावर तलवार मांडली होती, झेंडूची माळ घातली होती. दादा चिंचेने मूठ घासत होता, आणि तीही नीट घासत नव्हता. नक्षीत काळं तसंच राहिलं होतं. बाबा असते तर त्यांनी त्याच्या हातून ती काढून घेतली असती. वहिनींनी तबक माझ्या हातात दिलं आणि माझा तोल गेला.

“पुढच्या वर्षीही असाच आदेश निघेल, दादा. त्याच्या पुढच्याही. माझं वर्ष कधी येणारच नाही, आणि तुला ते माहीत आहे.”

दादाचा हात थांबला. “बाबा इतकी वर्षं तुझ्याकडे होते,” तो मुठीकडे बघत म्हणाला, “मी कधी म्हटलं का, की एक वर्ष मला द्या?”

“त्यांना जिना चढता येत नव्हता.”

“हो ना. आणि हिला उतरता येत नाही.”

वहिनी आत निघून गेल्या. दादाने पात्याला तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग हळूच विचारलं, “तुझ्याकडे असताना बाबा खंडेनवमीला कशाची पूजा करायचे?”

“विळीची,” मी म्हणाले. “माझ्या विळीला चिंच लावून घासायचे. झेंडू वाहायचे. लॅपटॉपलाही एक फूल. मग विळी क्षणभर माझ्या हातात द्यायचे.”

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा पडला. मी तबक धरून उभी असताना माझा पडत असेल, तसाच.

“हातात द्यायचे?”

“हो.”

त्याने तलवार उचलली आणि माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हातांनी घेतली. इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. तबक आता त्याच्या हातात होतं.

“विळी आहे अजून?” त्याने विचारलं.

“आहे.”

“मग पुढच्या वर्षी ती घेऊन ये. स्वयंपाकाची आहे म्हणावं, कोणी धरणार नाही.”

मी मान डोलावली. पण खरं सांगते, हातात ती तलवार असताना माझ्या मनात एवढंच आलं, की विळी मी काही आणणार नाही.