गंगूमावशीचं पितळी झाकण

गंगूमावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाहपुरात केळीच्या गाडीजवळ उभा होतो. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला, म्हातारी सोंग करतेय. आपल्यामागे कोण काय बोलतं ते ऐकायला डोळे मिटून पडली असणार! बऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यात, तिच्या घरी पोहोचल्यावरही मी तिच्या पापण्या दोनदा निरखल्या... पण नाही. या खेपेला खरंच होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

मावशी सुईण. संस्थानं विलीन होत होती त्या धामधुमीत तिनं पोरवयातच बाळंतपणं करायला घेतली. अर्धं बऱ्हाणपूर तिच्या हातावर जन्मलं. उरलेलं अर्धं तिच्या धाकानं. संशयी अशी, की देवानं प्रसाद दिला तरी तिनं तो आधी हुंगला असता. बाळ महिन्याचं झालं की ती पाळण्यामागं पितळी झाकण फरशीवर टाकायची. ठण्ण! "दचकतात सगळेच. निवते कवा, ते पाह्यचं," म्हणायची. पोर लवकर निवलं, शांत झालं, तर गूळ खाऊन निघायची. थरथरतच राहिलं, तर आईला एकीकडे घ्यायची, "खरं सांग, पोटुशी असताना काय पेत होतीस?"

मी तसाच थरथरणारा. लग्नात फटाके वाजले की मंडळी नवरदेवाकडे पाहत, मावशी माझ्याकडे. गाडीचा टायर फुटला तर बाकीचे हसून चहाला जात; माझी छाती संध्याकाळपर्यंत धडधडे. ते झाकायला मी मोठ्यानं बोलू लागलो. एका टोपलीनिशी वाघ हाकलल्याची माझी गोष्ट त्यातलीच. मला वाटे, बाईला माझं काहीतरी ठाऊक आहे... मी दुसऱ्याच कुणाचा तर नाही?

यंदा सून गरोदर राहिली. आमच्या घरची रीत, पाचव्या महिन्यापासून सुनेला कंबरेसाठी 'शक्तीचा काढा'. आठ दिवस तो दिला आणि मी मावशीला आशीर्वादाला घेऊन आलो. तिनं बाटली हुंगली आणि थेट मोरीत ओतली.

"मोहाची दारू हाये यात. अन् अफूची बोंडं. हेच तुह्या मायनं पेलं, सासूनं दिलं म्हणून. समजलं तवा लय रडली. मले शपथ घातली, पोराले सांगू नको."

"मग आज का सांगते?"

"शपथ पाळली तर हिच्या पोराचं काय, येड्या?"

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भीती वाटली की अंगात एक संप्रेरक चढतं, मग उतरतं. पोटात असताना दारू-अफू पोहोचली तर काही मुलांत ही चढउतारच बिघडते. माझं त्यामुळेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. सुनेच्या आठ दिवसांच्या काढ्यानं काय होईल, तेही नाही. मावशी म्हणाली, "पोर महिन्याचं झालं की मी येते झाकण घेऊन." ती आली नाही. तिच्या लेकीनं झाकण तेवढं पाठवलं.

काल नात महिन्याची झाली. मी पाळण्यामागं उभा राहिलो, देवाचं नाव घेतलं आणि टाकलं. ठण्ण! पोरगी दचकली, किंचाळली... मी मावशीसारखे डोळे बारीक केले. सुनेनं तिच्या छातीवर हात ठेवला, तशा इवल्या मुठी सैल झाल्या. जांभई आली. निवली.

झाकण आता ओट्यावर आहे. हे लिहिताना माझी छाती अजून धडधडतेय... पण गूळ मी खाल्ला, मावशीच्या वाटचा.