शेपटीला धरलेले तिघे

वडील गेल्यानंतर सातव्या दिवशी दुपारी गुरुजींनी पोथीतून एक जुनं चित्र काढून आईपुढे ठेवलं. लाकडी ठशावर कोरून छापलेलं, शाई काही ठिकाणी पसरलेली. अलीकडे काट्यांची वाट, मध्ये वैतरणी, पलीकडे यमाचं दार. मी सवयीने मोजलं. वाटेवर नऊ जीव, नदीत एकोणीस आणि गाईची शेपटी धरून काठाला लागलेले तिघे. एकूण एकतीस.

"प्राण असताना ज्यानं शेपटी धरली तो तरला," गुरुजी बोट फिरवत म्हणाले. "बाकीच्यांचं हे असं."

आई म्हणाली, "यांना पोहता तरी कुठं येत होतं? सिद्धेश्वराच्या तळ्यात कधी दुसऱ्या पायरीखाली उतरले नाहीत."

"काकू, शेपटी धरली होती ना त्यांनी?"

"धरली होती की. यानंच हात लावून दिला."

बायको बाळंतपणाला होटगीला गेलेली, म्हणून वडील गेले त्या दिवशी आई स्वतः गवळ्याकडे गाय आणायला गेली होती. वडिलांची नाडी माझ्या बोटांखाली थांबली तेव्हा गिरणीचा तीनचा भोंगा होत होता. आई गाय घेऊन दारात आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. तिला उशीर झाला, हे माझ्या तोंडून निघेना. मी वडिलांचा हात शेपटीवर ठेवला, वरून माझ्या मुठीने दाबला आणि म्हणालो, "अजून आहेत."

आता तिने चित्र माझ्याकडे सरकवलं. "यात हे कुठले रे?"

नदीत एक जण गळ्यापर्यंत बुडालेला होता. मान वडिलांसारखी डावीकडे कललेली, वर काढलेला हात रिकामा. माझी नजर तिथून हलेना. बोट मात्र मी शेपटीच्या तिसऱ्या माणसावर ठेवलं.

"हे."

आई माझ्या बोटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग चित्र गुरुजींना परत देत म्हणाली, "माझ्या वेळी गाय आधीच दारात बांध. गवळ्याचं घर लांब पडतं."

पुढच्याच महिन्यात मी गाय घेतली. आईच्या अंथरुणापासून खुंट्यापर्यंत अकरा पावलं आहेत. ती खोकली की मी ती पावलं पुन्हा मोजतो.