पाकिटातली मोहरी

दिल्लीतल्या एका सरकारी कृषी संस्थेत, तेलाच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. मोहरीचे नमुने यायचे, त्यांच्या तेलातली आम्लं आम्ही मोजायचो. इरुसिक आम्ल कमी ते वाण चांगलं, जास्त ते मागे, हे आमचं माप. तेलाचा झणका वेगळ्या द्रव्यामुळे येतो, पण तेही आम्ही कमीच करू पाहत होतो. मला यात काही गैर वाटत नव्हतं. दिल्लीत इतकी वर्षं राहूनही माझ्या घरात शेंगदाण्याचंच तेल होतं. प्रयोगशाळेत मोहरीचं तेल तापलं की मी खिडकी उघडायचे.

एका फेब्रुवारीत संस्थेत शेतकरी मेळावा होता. मानेसरच्या पलीकडच्या एका गावाहून एक बाई आल्या होत्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. सगळे नव्या वाणांच्या स्टॉलपुढे उभे होते. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि ओढणीच्या टोकाला बांधलेली मूठभर मोहरी माझ्यापुढे सोडली. दाणा बारीक, काळपट.

"ही आमच्या घरची. सासूच्या सासूपासूनची," त्या त्यांच्या हरियाणवीत म्हणाल्या. "हिच्यावर माव्याची कीड कमी बसते. तेलही वर्षभर खवट होत नाही. तुमच्या मशीनला विचारून सांगा, हिच्यात काय आहे."

मी त्यांना ताई म्हटलं. आपल्याकडे ताई म्हणजे बहीण, त्यांच्याकडे मोठी काकू. त्यांना ते चाललं.

होळीनंतर त्या निकाल विचारायला आल्या. शेअर ऑटो, मग बस, मग मेट्रो. इरुसिक आम्ल भरपूर निघालं होतं. मी कागद दाखवून सांगितलं.

"म्हणजे वाईट आहे?"

"वाईट नाही, ताई. पण आजच्या हिशोबाने चांगलीही नाही." मी त्यांना नव्या वाणाची पिशवी दिली. "यंदा हे लावा."

"आणि ही ठेवू का?"

"कशाला ठेवता?" मी म्हणाले.

एवढं बोलून मी पुढचा नमुना घेतला. मावा कमी बसतो म्हणजे किती कमी, हे मी विचारलं नाही. माझं काम तेलाचं होतं.

तपासून उरलेलं बी मी पाकिटात घातलं होतं. ते जनुकपेढीकडे पाठवायचं, तिथे ते थंडीत पुष्कळ वर्षं जिवंत राहतं. त्यासाठी दोन पानी फॉर्म भरावा लागतो: गाव, जमीन, स्थानिक नाव. नाव मी विचारलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात फोन करू म्हणून पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं. मग बढती झाली, खोली बदलली, खणातलं सामान खोक्यात गेलं.

नऊ वर्षांनी एक तरुण सहकारी माझ्याकडे आली. पांढऱ्या तांबेऱ्याला आणि माव्याला दाद न देणाऱ्या जुन्या गावठी मोहऱ्या ती शोधत होती. "मॅम, आपली नवी वाणं सगळी एकमेकांची भावंडं आहेत. एकाला रोग लागला की सगळ्यांना लागतो. बाहेरचं रक्त हवंय, यार," ती म्हणाली आणि 'यार' निसटल्यामुळे ओशाळली.

मी खोकं काढलं. पाकीट होतं. आम्ही शंभर दाणे ओल्या कागदावर मांडले. मोहरी तिसऱ्या दिवशी डोळा उघडते. आठव्या दिवशी दाण्यांवर बुरशी आली. उरलेलं सगळं बी लावून पाहिलं. एकही दाणा उगवला नाही.

मग मी ताईंच्या गावाला गेले. गुरुग्रामचे टॉवर मागे पडले तरी बराच वेळ नवी बांधकामंच दिसत होती. ताईंनी मला लगेच ओळखलं, चहा ठेवला.

"ती तर त्याच वर्षी घाण्याला दिली," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना."

शेजारी, मुलीच्या सासरी, कुणाकडेच ती राहिली नव्हती. मी त्यांना पाकिटाचं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पाकीट मलाच परत पाठवलं असतं. बांधावर चार ओळी टाकल्या असत्या."



मार्च होता, कापणी चालू होती. त्या मला कालव्याच्या कडेला घेऊन गेल्या. तिथे सांडलेल्या बियांची झाडं आपोआप उगवतात. तासभर वाकून त्या शेंगा चोळून पाहत होत्या. शेवटी एका झाडापाशी थांबल्या. "हीच. दाणा बघा." दाणा बारीक होता, काळपट होता. त्या झाडाचं बी मी नव्या पाकिटात भरलं आणि परतताना ते पाकीट गाडीत मांडीवर धरून बसले.

ऑक्टोबरमध्ये आम्ही ते बी पेरलं, पानांतली जनुकं तपासली. ते आमचंच एक वाण निघालं, बहुधा मीच दिलेल्या त्या पिशवीतलं. खताअभावी दाणा बारीक राहिलेला.

मी ताईंना फोन करून कळवलं.

"माझी नजर चुकली असेल. वय झालं," त्या म्हणाल्या.

चूक तुमची नाही, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी," आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.