घोडा शिंदीच्या दुकानापाशी थांबला

मंडळी, हसू नका, पण आज एका घोड्यानं माझी अब्रू घालवली.

लग्नानंतर पहिल्यांदाच माझे सासरे परतूरजवळच्या आष्टीहून लेकीचा संसार बघायला आले. गळ्यात तुळशीची माळ, स्वभाव कडक. ते परतूरहून आगगाडीनं आल्ते, म्हणून जालन्याच्या स्टेशनावरून मी टांगा केला.

जुन्या जालन्यात शिंदीचं दुकान आहे. बराबर तिथंच घोडा थांबला अन् काही केल्या हलेना.

टांगेवाले चाचा ओशाळले. "क्या करूं मालक, घोडा नवा घेतलाय. याचा पहिला मालक रोज इथं थांबायचा."

चाचा मला सांभाळून घेऊन राह्यले, असंच सासऱ्यांना वाटलं.

तेवढ्यात दुकानदारानं दारातूनच हाक मारली, "का राजा, लई दिवसांनी?"

"मामा, तो घोड्याला बोलून राह्यलाय!" मी म्हणालो.

"म्हणजे घोड्यालाही पाजता?" सासरे म्हणाले.

दुकानदारानं मूठभर हरभरे चारले, तेव्हा कुठं टांगा निघाला. घरी सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मी बायकोकडं आशेनं पाहिलं, तर ती तोंडाला पदर लावून हसत बसलेली.

सासरे तिला म्हणाले, "भिऊ नको बाई. आता महिनाभर मी इथंच राहतो."

मी जितकं खरं सांगतो, तितका त्यांना जास्त प्यालेला दिसतो. तुमच्यावर असा आळ आल्ता का कधी? मंग तुम्ही काय केलं?