चारही प्लेअरवर चालणारी डीव्हीडी

दुष्काळाच्या त्या साली उस्मानपुऱ्यात भेटलेल्या डीव्हीडीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. बहिणीच्या लग्नाची मी बनवलेली डीव्हीडी गावी आईच्या जुन्या प्लेअरवर चालत नव्हती. लग्नानंतर वडील वारले होते. त्यांचं हसणं तेवढ्या चित्रीकरणातच उरलं होतं.

डीव्हीडीवाल्याच्या दुकानात तपासायला चार जुने प्लेअर होते. माझ्या डीव्हीडीवरून त्यानं केलेली नवी डिस्क तिसऱ्यावर अडकली. त्यानं ती मोडली आणि सगळ्यात कमी स्पीडवर दुसरी राईट करायला लावली.

“एवढं कशाला?” मी म्हणालो.

“घाईत केलेली आपल्या मशीनवर चालती, भाऊ. पण बघायचं तुमच्या माईला हाय.”

दुसरी चारही प्लेअरवर चालली, तेव्हाच त्यानं ती हातात दिली.

मी ती गावी पाठवली. दोन दिवसांनी आईचा फोन आला. “पाण्याचा टँकर येऊन गेला रे. तुझे बाबा हसत होते, मी उठलेच नाय.”