गाळलेली नऊ वचनं

सत्त्याहत्तराव्या स्तोत्रातल्या गडगडाटासाठी मला लागोपाठ चार वर्षं पहिलं बक्षीस मिळालं. एनॅमलचा मग, कंपासपेटी, पुन्हा एनॅमलचा मग, आणि चौथ्या वर्षी फाउंटन पेन, ज्याची शाई कागद सोडून सगळीकडे उतरायची. परळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मुलांच्या पाठांतराची स्पर्धा म्हणजे वर्षाचा तमाशा होता आणि मी त्यातला राजा. तमाशा हा शब्द आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, चालला नसता, पण आता मला रागावायला ते उरलेले नाहीत.

ज्यांच्या घरी बायबल नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात दीडशे स्तोत्रं आहेत आणि आमच्यात मुलं ती पाढ्यांसारखी घोकतात. सत्त्याहत्तराव्यात एक माणूस संकटात देवाला हाक मारतो. पहिल्याच वचनात, म्हणजे पहिल्याच ओळीत, देव ऐकेल म्हणून सांगतो. शेवटाकडे समुद्र देवाला पाहून थरथरतो, ढग गरजतात, देवाचे बाण आकाशभर सुटतात. असा मसाला हातात आला तर कुठला पोरगा शांत उभा राहील?

ते बसवून घेतलं बाईंनी. बाई आमच्याच मजल्यावर, चार खोल्या सोडून राहायच्या आणि रविवारच्या शाळेत शिकवायच्या. पाण्यासाठी बोटं थरथरवायची, गडगडाटाला फळ्यांच्या स्टेजवर पाय आपटायचा, बाणासाठी प्रत्यंचा कानापर्यंत ओढून थेट शेवटच्या बाकावर सोडायची, हे सगळं त्यांचं. त्यांचे यजमान, आमचे काका, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि रविवारी पेटी वाजवत. माझा पाय आपटला की ते पेटीच्या खालच्या पट्ट्यांवर अख्खा पंजा दाबायचे. चर्चच्या, आमच्या भाषेत देवळाच्या, काचा थरारायच्या. तालमीत म्हणायचे, "हळू आपट रे. फळी मोडली तर देव वरून खाली यायचा नाही, तूच खाली जाशील."

मात्र प्रत्येक मुलाला तीनच मिनिटं. म्हणून बाईंनी आपल्या बायबलात दुसऱ्यापासून दहाव्या वचनापर्यंत पेन्सिलीनं कंस केला होता. "हे मुलांना काय कळणार? पहिलं म्हणायचं आणि एकदम अकराव्यावर यायचं." आमच्या चाळीच्या जिन्याला एक पायरी नव्हती. अंधारातसुद्धा तिथे आमचा पाय आपोआप लांब पडायचा. स्तोत्रातही तसाच पडायला लागला.

मी विशीत आलो तेव्हा दादरच्या एका छापखान्यात प्रुफं वाचत होतो. म्हणजे गाळलेला मजकूर शोधण्याचा मला पगार मिळत होता. हे मी आज हसत सांगतो. तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

मुंबई कुणाची यावरून शहर पेटलं ते त्याच सुमाराला. परळ-लालबागला संचारबंदी होती, गिरण्यांचे भोंगे बंद होते. एका सकाळी थोडा वेळ मोकळीक मिळाली आणि काका किटली घेऊन दूध आणायला उतरले. काका कधी मोर्च्यात गेले नव्हते. घोषणा द्यायला त्यांना आवाजच नव्हता, होता तो सगळा पेटीत. नाक्यावर गर्दी, धावपळ, गोळीबार. कुणाची गोळी, कुणासाठी निघालेली, ते कधी कळलं नाही. लोकांनी त्यांना दाराच्या फळीवरून वर आणलं. जिन्यातल्या त्या नसलेल्या पायरीपाशी फळी कलली आणि चौघांपैकी एकानं मोठ्यानं "सांभाळ" म्हटलं, जसं काही अजून काही सांभाळायचं राहिलं होतं.

दुपारी संचारबंदी लागायच्या आत मोजक्या माणसांनी शिवडीच्या दफनभूमीत न्यावं, अशी परवानगी मिळाली. पाळकसाहेब राहायला गिरगावात, ते येऊ शकत नव्हते. अशा वेळी आमच्यात मंडळीतलाच कुणीतरी वचन म्हणतो. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, ज्यांना आम्ही मंडळीचे वडील म्हणतो, माझ्याकडे वळून म्हणाले, "तू म्हण. तुला पाठ आहेत."

मी बाईंना विचारलं, "कुठलं म्हणू?"

"यांना आवडायचं ते."

काकांना रविवारचा कोट घातला होता. खोली माणसांनी भरली होती. शेजारच्या मालवणी आजी दाराशी बसल्या होत्या. मी पायांशी उभा राहिलो आणि सुरू केलं. आवाज उत्तम लागला होता. हे लिहायला लाज वाटते, पण मला तेव्हा ते जाणवलं होतं आणि बरंही वाटलं होतं. पहिलं वचन झालं, अकरावं आलं. मग हात आपोआप उठले. बोटं थरथरली. पाय आपटला, मांडणीवरचे कप किणकिणले. पेटी वाजली नाही तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण चार वर्षांच्या बक्षिसांचं पाठांतर कुठे थांबतं? मी प्रत्यंचा कानापर्यंत ओढली आणि बाण सोडला.

बोट सरळ काकांच्या छातीवर रोखलेलं होतं.

आजींनी पदर तोंडात धरला. माझा हात खाली येईना. बाई मात्र हाताकडे बघतच नव्हत्या.

"मधलं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही.

"दोन ते दहा. मधलं कुठं गेलं रे?"

आणि मी म्हणालो, "बाई, ते तुम्हीच गाळलं होतं."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे आणि त्यातलं बरंचसं खपून गेलं. हे एक खरं बोललो. ते आजही घशात आहे.

संचारबंदी उठल्यावर पाळकसाहेब आले, गुडघे टेकून त्यांनी लांब प्रार्थना केली. बाई डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "साहेब, तुमची प्रार्थना चांगली झाली. माझी बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"गिरणी बंद असते तशी."

त्या देवळात येईनाशा झाल्या. जेवणाआधी हात जोडीनात. चाळीच्या फळ्यावर कुणीतरी काकांचं नाव हुतात्मा म्हणून खडूनं लिहिलं. बाईंनी ते पुसा म्हटलं नाही, वर मान करून वाचलंही नाही. मालवणी आजी रोज पेज घेऊन यायच्या. "दोन घोट घे गो बाय. देवावर रागाव, पेजेर कित्याक रागावतंस?" बाई पेज घ्यायच्या.

माझी आई म्हणाली, "तू घाण केलीस, तूच निस्तर." हातात भाकरीचा डबा दिला आणि ढकललं. गुरुवारी छापखान्याला सुट्टी असायची. मी मान खाली घालून गेलो. बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि माझ्यापुढे आपलं बायबल आणि एक खोडरबर ठेवलं.

"सगळे कंस पूस. पुसायच्या आधी गाळलेलं वाच."

मी घसा साफ करून सुरुवात केली. दोन शब्द झाले नाहीत तोच त्या म्हणाल्या, "नाटक नको. कामावर वाचतोस तसं वाच."

कामावर आम्ही कसं वाचायचो ते सांगायला हवं. एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, दुसरा छापलेल्या कागदावर नजर ठेवतो. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा बोलतो, आणि आवाजात चढउतार नाही, नाहीतर ऐकणाऱ्याचं लक्ष मजकुरावरून उडतं. मी तसं वाचलं. त्या माणसाला झोप लागत नाही, पूर्णविराम. मन समजूत घालून घ्यायला तयार नाही, पूर्णविराम. मग प्रश्न आले. देव आता कायमचा टाकणार का, प्रश्नचिन्ह. त्याची माया आटली का, प्रश्नचिन्ह. दया करायची असते हेच तो विसरला का, प्रश्नचिन्ह. असेच आणखी आले, बाई बोटांवर मोजत होत्या.

"सहा," त्या म्हणाल्या. "सहा प्रश्न मी मुलांपासून लपवले. पुढचं वाच."

ते गुरुवार किती झाले ते आठवत नाही. कंस बायबलभर होते. मला वाटायचं स्तोत्रं म्हणजे देवाला घातलेले हार. खोडरबर फिरवताना दिसलं की दर दोन-चार पानांवर कुणीतरी रडतंय, भांडतंय, देवाला झोपेतून उठवतंय, आणि ते सगळं त्याच पुस्तकात, त्याच देवासमोर. एके दिवशी अठ्ठ्याऐंशीव्यावर आलो. तिथे कंस सगळ्यालाच होता. वाचत गेलो. शेवटी सांत्वन येईल म्हणून पान उलटलं, तर एकोणनव्वदावं सुरू. तो माणूस अंधारात उभा, सोबती दूर गेलेले, आणि तिथेच संपलं.

"छापताना राहिलं असेल," बाई म्हणाल्या. "तुझ्या धंद्यात राहतं ना कधी? बघून ये."

मी मंडळीच्या कपाटातली जुनी प्रत पाहिली, पाळकसाहेबांची पाहिली. पुढच्या गुरुवारी सांगितलं, "नाही बाई. तिथेच संपतं."

त्यांनी पानावर हात ठेवला. "म्हणजे ज्यानं ठेवलं त्यानं समजून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मीच शहाणी, कंस करायला गेले."

तोवर माझी प्रार्थना म्हणजे खणखणीत आवाज होता. आता प्रार्थनासभेत माझी पाळी आली की मी अडखळायला लागलो, कारण जे खरं वाटत नव्हतं ते तोंडातून निघेना. मंडळीच्या वडिलांनी आईला सांगितलं, "पोरगा थंड पडलाय." आई म्हणाली, "पडू दे. गरम होता तेव्हा फार उड्या मारायचा."

पुढे बाई देवळात यायला लागल्या. शेवटच्या बाकावर बसायच्या, माझे बाण जायचे तिथे. गाण्याला उठत नसत, प्रार्थनेला डोळे मिटत नसत. गिरणी बंदच. मला एकच हवं होतं. एकदा त्या देवाशी बोलाव्यात. वाईट बोलल्या तरी चालेल.

महाराष्ट्राचं राज्य झालं ते नेमकं रविवारी, एक मेला. लालबागभर तोरणं, दारोदार पेढे. आमच्या देवळातही पताका लावल्या. आदल्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "उद्या देवाचे आभार मानायचे, उपकारस्तुतीला तुझं ते गडगडाटाचं म्हण. लोक अजून आठवण काढतात."

मी बाईंकडे गेलो. "नाही म्हणून सांगू का?"

"म्हण की. पण पूर्ण म्हण."

"साहेबांनी तीनच मिनिटं दिलीत."

"पूर्ण."

मी स्टेजवर गेलो आणि हात पाठीमागे धरले. समोरची चार-पाच पोरं पाय आपटायची वाट बघत पुढे सरकून बसली होती. पेटीवर नवा माणूस होता. पहिलं वचन झालं आणि मी दुसरं म्हटलं. बाकांवर चुळबुळ झाली, कारण अर्ध्या मंडळीचा पायसुद्धा तिथे लांबच पडायचा. मी सपाट आवाजात पुढे गेलो. प्रश्नांपाशी आलो तेव्हा शेवटच्या बाकावर ओठ हलताना दिसले.

बाई माझ्याबरोबर म्हणत होत्या. आधी नुसते ओठ, मग आवाज. तिसऱ्या प्रश्नाला पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. सहावा प्रश्न मी म्हटलाच नाही. तो त्यांनी एकट्यानं म्हटला, मान वर करून, छताकडे बघत. विचारायचं त्याला विचारावं तसा. मग दहावं वचन आम्ही दोघांनी मिळून म्हटलं.

मी अकराव्याला, देवाची जुनी अद्भुत कामं आठवीन म्हणणाऱ्या वचनाला, सुरुवात केली आणि त्यांचे ओठ मिटले.

मी शेवटपर्यंत म्हटलं. पाणी थरथरलं, ढग गरजले, बाण सुटले, हात पाठीमागेच राहिले. पोरांची निराशा झाली. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

बाहेर पेढे वाटत होते. बाईंनी एक घेतला, हातातच ठेवला. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"दहापर्यंत आलं," त्या म्हणाल्या. "अकरावं मला अजून म्हणता येत नाही. तू खोटं म्हणायला लावू नकोस."

"नाही लावत," मी म्हटलं.

त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. दर रविवारी तो बाक, दर रविवारी तेच दहापर्यंत, माझ्या कानावर येईल इतक्या आवाजात. अकरावं त्यांनी कधी म्हटलं का, मला ठाऊक नाही. त्या गेल्या तेव्हा शिवडीला त्यांच्या पायांशी उभं राहून मी पूर्ण स्तोत्र म्हटलं. दहाव्यानंतर थोडा थांबलो, त्यांना पाहिजे असेल तर म्हणून.